सोलापूर ते गोवा: विमान की स्वतःची गाडी?

९ जून २०२५ ला फ्लाय ९१ कंपनीचं गोव्याचं विमान सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून सुरू झालं आणि तेव्हापासून सुट्टी जवळ आली की हा प्रश्न ठरलेलाच. आधी अंतर बघू. सरळ रेषेत सोलापूर ते मोपा, म्हणजे गोव्यातलं हे विमान उतरतं ते विमानतळ, साधारण ३०० किलोमीटर. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० च्या घरात जातं, म्हणजे हिशोबानं ३५-४० मिनिटांत पोचायला पाहिजे, पण धावपट्टीपर्यंत जायचं, वर चढायचं, परत उतरायचं हे सगळं धरून तासभर लागतो, आणि एवढ्याशा अंतराला मोठं जेट असतं तरी फार काही वाचलं नसतं.

गाडीनं मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा, चारशेच्या आसपास पडतं. कोल्हापूरपर्यंत रस्ता मस्त आहे, खरा वेळ आंबोलीचा घाट खातो. चहा-जेवण धरून आठ तास सहज.

आता तास विरुद्ध आठ तास असं बघू नका, तिथंच लोक फसतात. घरातून निघा, दीड तास आधी पोचा, उतरल्यावर बॅगेसाठी थांबा, मोपाहून पणजी परत ३०-३५ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत चार-साडेचार तास धरा. तरी निम्मा वेळ वाचतो, पण कुठल्या गोव्यात जाताय त्यावर आहे सगळं. मोपा पेडणे तालुक्यात, एकदम उत्तरेला, त्यामुळं हरमल-मोरजी किंवा उलटं वेंगुर्ला-सावंतवाडी करायचं असेल तर विमानासारखं सुख नाही. कोलवा-पाळोळेवाल्यांना मात्र उतरल्यावर अख्खं गोवा उभं कापायचं असतं, आणि तिथं ओला-उबर नाही, टॅक्सीचा आकडा ऐकून तिकीट स्वस्त वाटायला लागतं. कदंबाची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस आहे, पण पोरंबाळं आणि चार बॅगा घेऊन कोण चढणार.

पैशाचं म्हणाल तर लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी एका बाजूला २६-२७ लिटर पेट्रोल पिते, वर टोल. चार-पाच जण असले की माणशी खर्च विमानाच्या जवळपासही जात नाही, शिवाय गोव्यात फिरायला गाडी हाताशी. दोघंच असाल, बॅग एकच असेल, तर मी तरी विमानच घेईन आणि तिथं स्कूटर भाड्यानं. शेंगा चटणीचे डबे मात्र मोजून न्या, विमानात वजनाचं बंधन असतं.

पावसाळ्यात दोन्हीकडं जुगारच आहे म्हणा. आंबोलीत धुक्यानं समोरचं दिसत नाही, पण हळूहळू का होईना माणूस पोचतो, विमान रद्द झालं तर त्या दिवशी दुसरं नसतं ना. म्हणून जुलै-ऑगस्टात लग्न, मुहूर्त असलं काही गाठायचं असेल तर गाडीच.

आणि बुकिंग करताना आधी परतीचा वार बघा, जायचं तिकीट नंतर. विमानं रोज असतीलच असं नाही, वेळापत्रकही बदलतं, नाहीतर रविवारी यायचं म्हणून गेलेला माणूस सोमवारची रजा टाकत बसतो. खिडकी मिळाली तर घ्याच, एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात त्यामुळं आभाळ मोकळं असेल तर भीमा, पुढं कृष्णा आणि शेवटी सह्याद्री, सगळं खाली नीट दिसतं.