ॲव्हिड बीबी७ : सारी मदार जुळवणीवर असलेला डिस्क ब्रेक

सायकलसाठी डिस्क ब्रेक निवडताना तेलावर चालणारा घ्यावा की केबलवर चालणारा, हा प्रश्न सर्वांत आधी पडतो. तेलाचा ब्रेक बोटाला हलका लागतो, जोर अधिक देतो आणि पॅड झिजत जातील तसा स्वतःच जुळत राहतो, हे मान्य करूनही केबलच्या ब्रेकमध्ये आजही विचारात घ्यावा असा एक जुना नमुना आहे, तो म्हणजे ॲव्हिडचा बीबी७. ॲव्हिड ही कंपनी २००४ साली स्रॅम या सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, त्यामुळे या ब्रेकची माहितीपत्रके आता स्रॅमकडेच मिळतात.

याची रचना समजून घेतली की त्याचे गुण आणि दोष दोन्ही आपोआप कळतात. नावातील ‘बीबी’ ही अक्षरे बॉल बेअरिंगची आहेत. केबलने कॅलिपरवरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागावरचा, दांडा ओढला की आतील छरे उतरत्या खाचांवरून सरकतात आणि बाहेरच्या बाजूचा पॅड रोटरकडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीकडे, ढकलला जातो. चाकाच्या बाजूचा आतला पॅड मात्र जागचा हलत नाही. बाहेरचा पॅड रोटरला किंचित वाकवून त्या स्थिर पॅडवर टेकवतो आणि मग दोहोंमध्ये रोटर आवळला जातो. म्हणूनच आतला पॅड रोटरपासून जितका दूर, तितका रोटर अधिक वाकणार आणि तितका लीव्हरचा प्रवास वाया जाणार. दोन्ही पॅड एकमेकांकडे सरकणारे टीआरपी स्पायरसारखे केबल ब्रेक या बाबतीत अधिक सरळ आहेत. बीबी७ने यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन्ही बाजूंचे लाल नॉब, ज्यांनी प्रत्येक पॅड कोणत्याही अवजाराविना, टिकटिक असा आवाज करत, स्वतंत्रपणे पुढे-मागे करता येतो. त्याच घराण्यातील स्वस्त बीबी५मध्ये असा नॉब फक्त आतल्या पॅडला आहे, आणि पैसे वाचवण्यासाठी ही सोय सोडून देणे मला पटत नाही.

खरेदी करताना सर्वाधिक घोटाळा लीव्हरच्या निवडीत होतो. बीबी७ दोन प्रकारांत येतो : माउंटन प्रकाराला व्ही-ब्रेकचे, म्हणजे जास्त केबल ओढणारे लीव्हर लागतात, तर रोड प्रकार वाकड्या हँडलबारच्या कमी केबल ओढणाऱ्या लीव्हरसाठी आहे. माउंटन कॅलिपरला रोडचे लीव्हर जोडल्यास पॅड पुरेसे सरकण्याआधीच लीव्हर हँडलबारला टेकू लागतो. उलट जोडणीत लीव्हर लाकडासारखा कडक लागतो, पण सायकल मात्र थांबत नाही. दोष ब्रेकचा नसून जोडीचा असतो, तरी बोल ब्रेकलाच लागतो.

यानंतर पाहायची ती फ्रेम आणि फोर्कवरील बैठक. कॅलिपर पोस्ट माउंट नावाच्या बैठकीच्या पद्धतीचा आहे, त्यातील बोल्टांमधील अंतर ७४ मिमी असते. जुन्या आयएस बैठकीवर, जिथे छिद्रे आडवी आणि ५१ मिमी अंतरावर असतात, तो अडॅप्टर लावून बसतो. फ्लॅट माउंट या तिसऱ्या प्रकारच्या बैठकीच्या फ्रेमवर मात्र तो थेट बसत नाही. रोटरच्या आकाराबाबत साधा हिशोब असा की, १६०ऐवजी १८० मिमीचा रोटर घेतल्यास तेवढ्याच दाबाला सुमारे १२ टक्के अधिक रोधक जोर मिळतो, आणि थांबताना वजन पुढे झुकत असल्याने मोठा रोटर पुढच्या चाकाला देणे योग्य. त्याआधी फोर्कच्या उत्पादकाने कमाल आकार किती मान्य केला आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

बसवणीचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. सहा बोल्टांचा रोटर असेल तर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळावेत. आवळण्याचे प्रमाण कंपनीनुसार बदलते (स्रॅम आपल्या रोटरसाठी ६.२ न्यूटन-मीटर सांगते, तर शिमानो २ ते ४), म्हणून अंदाजाने पाना फिरवण्यापेक्षा आवळण्याचा जोर दाखवणारा टॉर्क पाना वापरावा. चाक खाचेत पूर्ण बसले आहे याची खात्री केल्याशिवाय कॅलिपरला हात लावू नये, कारण तिरप्या चाकावर केलेली जुळवणी चाक पुढच्या वेळी नीट बसवताच बिघडते. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल ठेवून आधी आतला आणि मग बाहेरचा नॉब असा फिरवावा की पॅड रोटरला घट्ट पकडतील. बोल्टांखालच्या अंतर्गोल आणि बहिर्गोल वॉशरांमुळे कॅलिपर अशा वेळी स्वतःच रोटरला समांतर होतो. मला या ब्रेकमधील सर्वांत बुद्धिमान भाग नॉबपेक्षा हे वॉशरच वाटतात, कारण फ्रेमवरील बैठक थोडी वाकडी असली तरी ते ती सांभाळून घेतात. याच स्थितीत बोल्ट आलटून पालटून आवळावेत, केबल ओढून पक्की करावी, आणि मग नॉब टिक टिक मोजत मागे घ्यावेत. आतला पॅड रोटरला घासणार नाही, पण शक्य तितका जवळ राहील, हे त्यातील मर्म आहे.

केबलच्या आवरणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि हा ब्रेक ढिला वाटण्याचे ते एक मोठे कारण असते. साधे आवरण दाबले गेल्यावर किंचित आकसते, आणि मागच्या ब्रेकच्या लांब मार्गात ते आकसणे थेट लीव्हरमध्ये जाणवते. न आकसणारे ब्रेक आवरण थोडे महाग असते, तरी माझ्या मते कॅलिपर बदलण्याआधी तो खर्च करून पाहावा. असे आवरण घेताना ते ब्रेकसाठीच बनवलेले आहे ना, हे तपासून घ्यावे. गिअरचे आवरण ब्रेकला वापरणे धोक्याचे आहे, कारण जोराच्या ताणाखाली ते फाटू शकते.

नवे पॅड पहिल्या दिवशी कमकुवत लागतात, यात घाबरण्यासारखे काही नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन पूर्ण न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत यायचे, असे वीसेक वेळा केल्यावर पॅडचा पातळ थर रोटरवर समान बसतो आणि पकड येते. सेंद्रिय, म्हणजेच रेझिनचे पॅड शांत असतात आणि थंडपणीही चांगले धरतात, पण पावसात आणि चिखलात लवकर संपतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी तापवून घट्ट केलेले पॅड टिकतात आणि उष्णता सोसतात, त्याच्या बदल्यात आवाज करतात. काही रोटरांवर ‘फक्त रेझिन पॅड’ असे कोरलेले असते, तिथे धातूचे पॅड लावू नयेत.

देखभालीत तेलाचा ब्रेक वापरणाऱ्याला वर्षानुवर्षे जे करावे लागत नाही, ते इथे वरचेवर करावे लागते. लीव्हर लांब जाऊ लागला की पॅड झिजले असे समजून दोन्ही नॉब एकेक टिक आत घ्यावेत. हे काम लीव्हरजवळच्या केबलच्या स्क्रूने भागवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने दांड्याची सुरुवातीची जागाच पुढे सरकते आणि उरलेला प्रवास कमी होतो. पावसाळी उतारावर पॅड झपाट्याने झिजले, तरी रस्त्याच्या कडेला थांबून हाताने नॉब फिरवता येतो, हा या ब्रेकचा असा गुण आहे ज्यासाठी दूरच्या सफरी करणारे त्याला सोडत नाहीत. ज्याला मात्र महिनोन्महिने ब्रेककडे पाहायचेच नसते, त्याने तेलाचाच घ्यावा. चिखलात फिरणाऱ्या सायकलवर आरांमधून बोटे घालून आतला नॉब फिरवणे त्रासाचे होते, आणि तो बराच काळ हलवला नाही तर जागच्या जागी अडकूनही बसतो.

रोटरला साखळीचे तेल किंवा बोटांचा चिकटपणा लागू देऊ नये. लागल्यास तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. तेल प्यायलेला पॅड घासून क्वचितच सुधारतो, तो बदलणे स्वस्त पडते. स्रॅमच्या सूचनेनुसार पॅडची जाडी मागच्या पत्र्यासह ३ मिमीपेक्षा कमी झाली, किंवा रोटर १.५५ मिमीपेक्षा पातळ झाला, की ते काढून टाकावेत. पॅड दोघांच्या मधल्या स्प्रिंगसह एकत्रच बसवायचे असतात, आणि नवे जाड पॅड आत जाण्यासाठी दोन्ही नॉब आधी पूर्ण मागे फिरवून घ्यावे लागतात.