एक बटण, चार मोड: अपडेटनंतरचा वापरानुभव

या ब्लूटूथ हेडफोनचा आवाज, फिटिंग, बॅटरी यांबद्दल नवीन लिहिण्यासारखं काही नाही. बारा हजारांत जेवढं मिळायला हवं तेवढं मिळतं. हा रिव्ह्यू जवळजवळ सगळा डाव्या कपवरच्या एका बटणाबद्दल आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे दुखणं तिच्या एकटीचं नाही.

नवीन असताना हे बटण दोनच गोष्टी करायचं: एकदा दाबलं की एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज कापणारा मोड, पुन्हा दाबलं की ट्रान्सपरन्सी, म्हणजे बाहेरचं ऐकू देणारा मोड. गेल्या फर्मवेअर (हेडफोनमधलं सॉफ्टवेअर) अपडेटनं मध्ये 'अडॅप्टिव्ह' (आजूबाजूच्या आवाजाप्रमाणे बदलणारा) आणि 'विंड' (वाऱ्यासाठीचा) घुसडले. आता रांग अशी: एएनसी, अडॅप्टिव्ह, ट्रान्सपरन्सी, विंड, पुन्हा एएनसी. लोकलमध्ये शेजारच्यानं काही विचारलं तर एएनसीवरून ट्रान्सपरन्सीला यायला दोनदा दाबा, परत जायला आणखी दोनदा. प्रत्येक वेळी आतली बाई इंग्रजीत मोडचं नाव सांगते, तोवर गाणं दबलेलं राहतं. वर कहर म्हणजे ती बोलत असताना दाबलेलं बटण मोजलंच जात नाही. ती थांबेपर्यंत विचारणारा दुसऱ्या कुणाला तरी विचारून उतरलेला असतो.

परतीच्या वाटेवर विंड लागतो, तो तर आणखी तापदायक. वारा थेट माइकच्या भोकावर आदळला की घरघर होते, म्हणून हा मोड बाहेरच्या माइकवरची भिस्त कमी करतो. डब्यात वाऱ्याचा प्रश्न नसतो, पण त्या क्षणी एएनसीची ताकद कमी होते आणि गाडीचा खालचा खर्ज एकदम कानात शिरतो. नको असलेल्या मोडमधून जायची ही सक्ती म्हणजे डिझाइनमधला सरळ आळस आहे. मोड वाढवले, बटण वाढवलं नाही.

संगणकावर कट-कॉपी-पेस्ट रुळवणारे लॅरी टेस्लर यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवर 'नो मोड्स' असं लिहिलेलं असायचं. त्यांचा राग याच गोष्टीवर होता: तीच कळ, पण आधी काय चालू होतं त्यावर परिणाम बदलतो. स्क्रीनवर निदान चालू मोड दिसतो तरी. हेडफोन डोक्यावर असतो, तिथे दिसणार काय? कानानं ओळखावं म्हटलं, तर ट्रान्सपरन्सी लगेच कळते. पण एएनसी मुख्यतः पंखा, इंजिन, एसी असा सलग खालचा आवाज कापतं. शांत खोलीत कापायला काही नसतं, त्यामुळे एएनसी आणि अडॅप्टिव्ह सारखेच वाटतात. म्हणून बाईचं बोलणं गरजेचं ठरतं. अ‍ॅपमध्ये 'व्हॉइस'ऐवजी 'टोन' निवडता येतो, पण चारही मोडना एकच बीप दिलाय! एएनसीला उतरता सूर आणि ट्रान्सपरन्सीला चढता सूर दिला असता तर पाव सेकंदात काम झालं असतं.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: फॅक्टरी रिसेट करा. करू नका. रिसेटनं पेअरिंग (फोनशी केलेली जोडणी) आणि इक्वलायझरची सेटिंग्ज पुसली जातात, फर्मवेअर मागे जात नाही, आणि नव्या फर्मवेअरचा डिफॉल्टच चार मोडचा असल्यामुळे रांग तशीच राहते.

खरा उपाय अ‍ॅपमध्येच आहे, फक्त दडवलेला. नॉइज कंट्रोलच्या कार्डवर शोधू नका. डिव्हाइस सेटिंग्ज, कंट्रोल्स, डावं बटण, मोड सायकल. तिथे चार चौकोन आहेत. अडॅप्टिव्ह आणि विंडवरच्या खुणा काढा. मग फोनचं ब्लूटूथ बंद करून हेडफोन लॅपटॉपला जोडा आणि बटण दाबून बघा. दोनच मोड आले तर सेटिंग हेडफोनमध्ये साठवलंय, चार आले तर ते फक्त अ‍ॅपपुरतं आहे. इथे दोनच येतात. कंपनीला एवढं श्रेय देतो, आणि एक तारा द्यायचा ठरवला होता तो इथे मागे घेतो.

अडॅप्टिव्हबद्दलचं मतही थोडं बदललं. रस्त्यावरून चालताना तो मोड बरा आहे, हॉर्न ऐकू येतो आणि बसचा घरघराट कमी होतो. पण चालायला निघताना तो अ‍ॅपमधून एकदा लावावा. बटणाच्या रांगेत त्याचं काम नाही.

हेच इतरांनी कसं सोडवलं ते पाहा. सोनीच्या 2016 च्या एमडीआर-1000एक्समध्ये उजव्या कपवर तळवा ठेवला की गाणं दबतं आणि बाहेरचं ऐकू येतं, हात काढला की सगळं पूर्ववत. मोड लक्षात ठेवायला नको, हात हाच पुरावा. बोसच्या 2019 च्या 700 मध्ये नॉइज कॅन्सलिंगच्या 0 ते 10 पायऱ्या होत्या, पण बटण फक्त तीन आवडत्या पायऱ्यांमध्ये फिरायचं. एअरपॉड्स प्रोमध्ये दांडी दाबून धरल्यावर कोणते मोड फिरावेत ते सेटिंग्जमध्ये निवडता येतं.

आता एक मोड असा, जो कुणी निवडत नाही आणि कुठेच दिसत नाही. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की गाण्याचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, आणि लोक हेडफोन बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. बिघाड काही नसतो. हेडफोनचा माइक उघडला की ब्लूटूथ ए2डीपीवरून (गाण्यांसाठीची पद्धत) एचएफपीवर (कॉलसाठीची पद्धत) जातं, तिथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) 8 किंवा 16 किलोहर्ट्झ. विंडोज 10 मध्ये 'स्टिरिओ' आणि 'हँड्सफ्री' अशी दोन वेगळी नावं तरी दिसायची. 11 नं ती एक केली आणि उरलासुरला सुगावाही गेला. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, स्पीकर हेडफोनच ठेवा. आवाज स्टिरिओ राहतो.

याच हेडफोनचा गेम मोड उजव्या कपवर तीन सेकंद दाबून लागतो, आणि टेकून बसलं की चुकूनही लागतो. तो बफर (आवाज वाजण्याआधी थोडा साठवून ठेवायची जागा) लहान करतो, त्यामुळे व्हिडिओतले ओठ आणि आवाज जुळतात. पण वाटेत हरवलेलं पॅकेट (आवाजाच्या डेटाचा तुकडा) पुन्हा मागवायला वेळ उरत नाही, म्हणून गर्दीच्या फलाटावर आवाज तुटतो. शिवाय एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायची पद्धत) बंद होतो आणि दुसऱ्या फोनचं कनेक्शन सुटतं. यातलं काहीही अ‍ॅप सांगत नाही. एलडॅक अचानक गायब झाला तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये खुडबुड करण्याआधी गेम मोड तपासा.

दुकानात घेताना गाणं लावून आवाज कसा आहे ते बघत बसू नका, तो सगळेच बघतात. एएनसी लावा, सेल्समनला बोलायला सांगा, त्याचं वाक्य संपायच्या आत ट्रान्सपरन्सीला पोचता येतं का ते बघा. नाही पोचलात तर अ‍ॅपमध्ये मोड सायकल बदलता येते का ते विचारा. तेही नसेल तर बारा काय, आठ हजारांनाही घेऊ नका. माझे पाचपैकी साडेतीन. एक गुण बटणाला कापला, अर्धा त्या एकसुरी बीपला.