इंदूरमध्ये उभा माउस घेताय? आधी खालचं झाकण उघडा

मार्च एंडिंगला टॅलीवर बसून मनगटाची वाट लागली, तेव्हा फिजिओने उभा माउस सुचवला. हात मिळवायला पुढे करतो तसाच तो माउसवर राहतो, त्यामुळे कोपराखालचा पीळ कमी होतो. लॉजिटेकचा लिफ्ट ५७ अंशांत उभा आहे आणि लहान-मध्यम पंजासाठीच केलेला आहे, म्हणून तोच घ्यायचं ठरलं.

आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानात साडेतीन हजार सांगितले, ऑनलाइनपेक्षा बरेच कमी. "मैडम, इंपोर्ट का माल है." पक्कं बिल मागितलं, तर म्हणे जीएसटी अठरा टक्के अलग लगेगा! एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, पण हे सांगितल्यावर त्याने नुसते खांदे उडवले. वॉरंटी म्हणजे त्याची जबान. हातात चिठोरं आलं: 'माउस, १ नग'.

घरी नीट पाहिलं. खोक्यावर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. खरं तर बाहेरून आलेल्या मालावर हे छापावंच लागतं. लिफ्टचं खालचं झाकण चुंबकावर बसतं. याचं खाचेत अडकवायचं होतं, आणि नखाने उचकटताना त्याचा कोपराच तुटला. तीन मशीन जोडायचं बटन होतं, दिवेही आलटून पालटून लागत, माउस मात्र एकाच लॅपटॉपला चिकटलेला. माउससोबतचा यूएसबी रिसीव्हर लावून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा हार्डवेअर आयडी उघडला. लॉजिटेकच्या रिसीव्हरला तिथे व्हीआयडीपुढे, म्हणजे कंपनीच्या ओळख-नंबरापुढे, ०४६डी दिसतं. इथे भलतंच काहीतरी.

परत गेले तर "दूसरा पीस ले जाओ". तो पीस त्याच्याच काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावायला सांगितला. तोच भलता नंबर! शेजारी उभ्या मुलाने आपल्या हातातलं खोकं मुकाट्याने परत ठेवलं. मग "डिब्बा खुल गया" म्हणत दोन हजार टेकवले.

उरलेल्या दीड हजारासाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार केली आहे. चिठोऱ्यावर दुकानाचं नावच नव्हतं, म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट काढला. त्यात पैसे गेलेत ते भलत्याच कुणाच्या नावावर. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकायच्या आधी जे नाव येतं ना, ते पाटीवरच्या नावाशी जुळतंय का, तेवढं बघा.