पेपरव्हाइटवर मराठी: पडदा पास, पीडीएफ नापास

किंडल पेपरव्हाइट या ई-पुस्तकं वाचण्याच्या यंत्राची बारावी पिढी ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केली. भारतात ती एप्रिल २०२५ मध्ये आली: १६ जीबी, किंमत १६,९९९ रुपये. इंग्रजीत तिची परीक्षणं पोत्याने सापडतात आणि सगळी एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, की पुस्तक दुकानातून घ्यायचं आणि वाचायला लागायचं. मराठी वाचकाचा मामला वेगळा. त्याच्याकडे थोडी विकतची ई-पुस्तकं असतात, बरेचसे स्कॅन असतात, कुठल्या तरी संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेले अहवाल आणि जुन्या मासिकांचे पीडीएफ असतात. ही सगळी मिसळ या यंत्रावर कशी दिसते, यावर पैसे वसूल होणार की नाही ते ठरतं.

आधी यंत्र. त्यात वाद घालण्यासारखं फार नाही. पडदा ७ इंची, घनता इंचाला ३०० ठिपके, वजन २११ ग्रॅम. २०२१ च्या अकराव्या पिढीचा पडदा ६.८ इंची होता, वजन २०५ ग्रॅम होतं आणि घनता हीच. म्हणजे ते मॉडेल घरात असेल तर केवळ आकारासाठी नवं घेऊ नका. नव्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त ठसठशीत आहे आणि पान उलटण्याचा वेग ॲमेझॉनच्या दाव्यानुसार २५ टक्क्यांनी वाढला आहे. तो वेग पुस्तकात फारसा जाणवत नाही, मेनूत आणि पीडीएफमध्ये जाणवतो. प्रकाश पांढऱ्यापासून पिवळट छटेपर्यंत बदलता येतो. रात्री दिवा मालवल्यावर वाचणाऱ्यांना याचा खरा उपयोग.

पान उलटायला बटणं नाहीत, सगळं बोटावर. उजवीकडचा मोठा भाग पुढच्या पानाचा, डावीकडची अरुंद पट्टी मागच्या पानाची, वरचा भाग मेनूचा. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून डाव्या हातात यंत्र असेल तर अंगठा नेमका त्या मागच्या पानाच्या पट्टीवर येतो आणि पुढे जायचं असताना आपण मागे जातो. त्यावर उपाय म्हणजे अंगठ्याने टिचकी न मारता तो उजवीकडून डावीकडे किंचित सरकवायचा. यंत्र ते पुढचं पान समजतं.

पाण्याला ते दाद देत नाही, आयपीएक्स-८ दर्जा आहे: गोड्या पाण्यात २ मीटर खोल, तासभर. आपल्या पावसाळ्याला एवढं पुष्कळ झालं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पडद्यावर थेंब पडले की ते बोटासारखे काम करतात आणि पानं आपोआप उलटतात. आणि टाइप-सी चार्जिंगची खाच ओली असताना केबल लावायची नाही. यंत्र उभं धरून पाणी निथळू द्या, हवेवर नीट सुकू द्या. केसांचा ड्रायर नको. पाण्यापेक्षा खरी भीती दाबाची. या पडद्याचा आतला थर काचेचा आहे. गर्दीत पाठीवरच्या सॅकवर एखादा कोपर बसला की बाहेरचा थर शाबूत राहतो आणि चित्र मात्र एका रेषेपासून कायमचं गोठतं. पुढून झाकणारं कडक कव्हर ही चैन नव्हे, ते यंत्राबरोबरच घ्या.

बॅटरी १२ आठवडे चालते असं लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात अट असते: रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद, प्रकाश १३ वर. हिशेब केला तर हे ४२ तास होतात. रोज दोन तास वाचणाऱ्याला तीन आठवडे, तेही वायफाय बंद ठेवून. तरीही तक्रारीला जागा नाही. खोक्यात चार्जर नसतो. ९ वॉटचा कुठलाही साधा ॲडॉप्टर अडीच तासांत यंत्र भरतो. ६५ वॉटचा लावून वेळ वाचत नाही, कारण यंत्र तेवढा प्रवाह घेतच नाही. नवीन यंत्रात एकदम दोनशे पुस्तकं ओतली तर मात्र पहिले एक-दोन दिवस बॅटरी झपाट्याने उतरते. प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची शोधसूची आतल्या आत तयार होत असते. ती झाली की बॅटरी ताळ्यावर येते. चार दिवसांनीही येत नसेल तर एखादी बिघडलेली फाइल सूचीला अडवून बसलेली असते. शेवटी टाकलेल्या फाइली एकेक करून काढा, मग पॉवरचं बटण ४० सेकंद दाबून यंत्र पुन्हा सुरू करा.

आता मराठी. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या दुकानात हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर मराठी पुस्तकं आली. तिथून घेतलेलं, युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षर-सांकेतिकीत) नीट बांधलेलं पुस्तक या पडद्यावर देखणं दिसतं. बारीक टिंबं, अनुस्वार, पायातले उकार, ‘द्ध’ आणि ‘द्व’मधला फरक ३०० ठिपक्यांत स्वच्छ उमटतो. मांडणीत मात्र थोडा हात फिरवावा लागतो. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींमधलं अंतर मूळ ठेवणीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा. समास सर्वांत अरुंद करा. आणि दोन्ही बाजूंनी सरळ कापलेली मांडणी बंद करून डावीकडून लावलेली निवडा. मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, ‘कार्यकर्त्यांमधल्यांसाठी’ असा शब्द ओळीच्या शेवटी न तुटता सबंधच्या सबंध खाली जातो आणि वरच्या ओळीतले उरलेले तीन शब्द ताणले जाऊन मध्ये भोकं पडतात. ठळकपणा एक-दोन घरं वाढवला तर शिरोरेखा भरीव दिसते. त्यापुढे नेला तर ‘ष’ आणि ‘प’ ओळखायला डोळे ताणावे लागतात.

आपल्याकडची फाइल यंत्रात घालायचे रस्ते दोन. पहिला ‘सेंड टू किंडल’. संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंतची फाइल चढवता येते, ईमेलने ५० एमबीपर्यंत. ईमेल वापरताना तुमचा पत्ता खात्याच्या सेटिंगमध्ये मंजूर पाठवणाऱ्यांच्या यादीत असावा लागतो, नाहीतर पुस्तक पोहोचतच नाही. ई-पुस्तकांच्या फाइलींपैकी ईपब हा प्रकार सरळ चालतो, मोबी हा जुना प्रकार विसरा. या रस्त्याने गेलेलं पुस्तक फोनवरच्या ॲपमध्येही दिसतं आणि इकडे वाचलेलं पान तिकडे उघडतं. दुसरा रस्ता केबलचा. इथे बरेच जण फसतात: ईपब फाइल नुसती ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये चिकटवली तर ती यादीत येत नाही. आधी कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचं एझेडडब्ल्यू-३, म्हणजे किंडलच्या स्वतःच्या प्रकारची फाइल, करावं लागतं. शिवाय २०२४ ची मॉडेलं संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत, फोनसारखी एमटीपी पद्धतीने जोडली जातात. विंडोजला त्याचं काही नाही, मॅकवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

केबलचा रस्ता जास्त कटकटीचा, पण अक्षराचा शौक असणाऱ्यांनी तोच घ्यावा. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल, तर गूगल फाँट्सवरून ‘तिरो देवनागरी मराठी’ उतरवून संगणकावर बसवा. तो मोफत आहे, मजकुरासाठीच घडवलेला आहे. कॅलिबरमध्ये पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ करा. रूपांतराच्या खिडकीत ‘लुक अँड फील’मध्ये जाऊन ‘एम्बेड फाँट फॅमिली’समोर हा फाँट निवडा. त्याच पानावर फाँटचा फक्त लागणारा तुकडा ठेवण्याची सोय आहे, ती वापरू नका. थोडी जागा वाचवण्यापायी जोडाक्षरांशी खेळ नको. रूपांतर एझेडडब्ल्यू-३ मध्ये करा, केबलने पाठवा आणि किंडलवर फाँटच्या यादीत ‘पब्लिशर फाँट’ निवडा. यंत्राच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये फाँट टाकण्याचीही सोय आहे, पण पुस्तकाच्या पोटातच फाँट असला की यंत्र बदललं तरी अक्षर तेच राहतं.

एक खोड मात्र यंत्राची नाही, मजकुराची आहे आणि दोष यंत्रावर येतो. ‘दऱ्याखोऱ्या’ची पडद्यावर ‘दर्याखोर्या’ होते. अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक टाकलेला असतो. जालावरून मजकूर उचलताना किंवा साफसफाई करताना तो गळतो आणि उरतो रफार. दुसऱ्या प्रकारात खालच्या टिंबाचा ऱ, म्हणजे युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं अक्षर, वापरलेलं असतं. ते कुठेही नेलं तरी टिकतं. ईपब घरी बांधत असाल तर जोडक शाबूत आहे तोवरच कॅलिबरच्या संपादकात ‘शोधा आणि बदला’ करून पहिला प्रकार दुसऱ्यात आणून घ्या. एकदा जोडक गळला की ‘सूर्या’ आणि ‘साऱ्या’ यांत यंत्राला फरक कळत नाही. हाताने दुरुस्त करत बसावं लागतं.

आता नापास विषय. पडद्याची रुंदी सुमारे १०.७ सेंटिमीटर, उंची १४.२. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक १४ बाय २१.६ सेंटिमीटरचं. त्याचं स्कॅन केलेलं अख्खं पान पडद्यावर बसवलं की ते दोन-तृतीयांश होतं. छापील १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटवर येतं. देवनागरीत ८ पॉइंट म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवरचा मजकूर. चिमटीने मोठं करता येतं, पण दर ओळीला पान सरकवत बसणं दहा मिनिटांच्या वर कुणाला जमत नाही. यंत्र आडवं केलं तर रुंदी १४.२ मिळते, म्हणजे अक्षर जवळजवळ मूळ आकाराचं, आणि पान दोन-तीन टप्प्यांत वाचायचं. फिकट स्कॅनला पीडीएफच्या मेनूतला कॉन्ट्रास्ट वाढवा. याहून बरं हवं तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं मोफत साधन आहे. त्यातला ‘फिट विड्थ’ प्रकार पांढरे समास कापून पान आडव्या पडद्याच्या रुंदीला लावतो. त्यातच स्कॅनमधले शब्द कापून नव्या ओळी रचण्याचाही प्रकार आहे. इंग्रजीला तो ठीक, पण जुन्या मराठी छपाईत ओळी चिकटून असतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरलेली असते, तिथे कापाकापी चुकते. मराठीला ‘फिट विड्थ’वरच थांबावं.

ज्या पीडीएफमध्ये स्कॅन नसून टंकलेला मजकूर आहे, तो ईमेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ लिहून पाठवला की किंडलचं पुस्तक होऊन येतो, असं सर्रास सांगितलं जातं. मराठीत हा सल्ला घात करतो. छापखान्यांत वर्षानुवर्षं श्री-लिपीसारखे जुन्या सांकेतिक पद्धतीचे फाँट वापरले गेले. अशा फाइलीत डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते आणि रूपांतरानंतर तीच हातात पडते. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. खिचडी आली तर रूपांतराचा नाद सोडा. युनिकोड आलं तरी ऱ्हस्व वेलांटीची जागा आणि जोडाक्षरं बघून घ्या. पीडीएफमधून मजकूर उपसताना वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. अशा फाइलींना ओसीआर करणं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, हाच मार्ग. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल गूगल डॉक्सने उघडली की मराठी ओळखली जाते. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरमध्येही मराठी आहे. मुद्रितशोधनाची तयारी मात्र हवी.

एवढा उपद्व्याप नको असेल तर मराठी विकिस्रोतावर जा. स्वामित्वहक्क संपलेली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेली पुस्तकं तिथे युनिकोडमध्ये आहेत आणि ती थेट ईपबमध्ये उतरवता येतात. ‘सेंड टू किंडल’ केलं की काम झालं.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा. बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात, किंडलवर जात नाहीत. तुमचा संग्रह तिथे असेल तर पेपरव्हाइट तुमच्या कामाचं नाही. अँड्रॉइडवर चालणारं ओनिक्स बूक्ससारखं ई-इंक यंत्र बघा, त्यात बुकगंगाचं आणि किंडलचं, दोन्ही ॲप बसतात. बॅटरी मात्र किंडलइतकी पुरत नाही. संग्रहात ८० टक्के स्कॅनच असतील तर १० इंची पडद्याखाली उतरू नका. शिवाय २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय ॲमेझॉनने काढून घेतली आहे. दुकानातली बहुतेक पुस्तकं आता दुकानाच्याच खात्याशी बांधलेली राहतात, हे पटत असेल तरच तिथे पैसे घाला.

विकतची पुस्तकं, विकिस्रोत आणि स्वतः बांधलेले ईपब एवढ्यावर भागत असेल तर मात्र १६,९९९ ला हे यंत्र महाग नाही. जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याच्या खात्यातून यंत्राची नोंदणी तुमच्यासमोर रद्द करून घ्या, स्वतःच्या खात्यात ते तिथेच जोडून बघा आणि मगच पैसे द्या. पडद्यावर प्रकाश शून्यावर नेऊन एकदा, पूर्ण वाढवून एकदा, कोरं पान निरखा. कोपऱ्यातली रेष किंवा खालच्या कडेचा डाग या दोन टोकांनाच दिसतो.