आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस: कोकणात राहून, नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी परीक्षण

नोकरीत दहा-पंधरा वर्षं काढल्यावर कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचंय, पण चिपळूण, कणकवली किंवा मालवण सोडायचं नाही, असं ठरवलं की पर्याय मोजकेच उरतात. राज्याची सीईटी देऊन एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीला, दोन वर्षं पूर्णवेळ कॉलेजात बसता येतं. रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमीत एमसीए आहे, पण त्यासाठी नोकरीवर पाणी सोडावं लागतं. इग्नू या मुक्त विद्यापीठाची एमसीए नोकरीसोबत होते. तिसरा पर्याय म्हणजे आयआयटी मद्रासची डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्समधली बीएस ही ऑनलाइन पदवी. ती २०२० साली सुरू झाली. हे परीक्षण मुख्यतः तिचंच आहे. मत आधीच सांगून टाकतो: हात बसेपर्यंत शिकायचं असेल तर हीच घ्या. फक्त पदवीचा कागद हवा असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

प्रवेशाला जेईई नाही, वयाची अट नाही. बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित-इंग्रजी असलं की अर्ज करता येतो. आधीची बीकॉम किंवा बीए असली तरी अडत नाही. पण अर्ज केला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, मध्ये क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी आहे. चार आठवडे चार विषय शिकवतात: इंग्रजी, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. दर आठवड्याला असाइनमेंट असते. पहिल्या तीन आठवड्यांतल्या चांगल्या दोनांची सरासरी प्रत्येक विषयात ४० लागते (खुल्या गटासाठी), तेव्हाच परीक्षेला बसू देतात. परीक्षा केंद्रावर जाऊन चार तासांची, चारही विषयांची एकत्र. प्रत्येक विषयात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत (हेही खुल्या गटासाठी). इथे गळणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्याच्या मुदतीला गळतात. व्हिडिओ रविवारी एका बैठकीत बघू म्हणून ठेवतात आणि मुदत हातातून जाते.

गणिताची धास्ती सगळ्यांनाच असते, पण पहिल्या टप्प्यातलं गणित दहावी-बारावीच्या पलीकडे फारसं जात नाही: संच, सरळ रेषा, द्विघाती फलनं, लॉगॅरिदम, शेवटी ग्राफ थिअरी. ज्यांचं गणित सुटून वीस वर्षं झाली त्यांनी अर्ज भरायच्या दोन महिने आधी अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं काढावीत आणि लॉगॅरिदम, फलनं, क्रमचय-संचय, संभाव्यता एवढंच पक्कं करावं. खरा चढ गणित-२ मध्ये लागतो. तिथे मॅट्रिक्स, व्हेक्टर स्पेस, रँक आणि नलिटी येतात. पुढचं मशीन लर्निंग सगळं याच पायावर उभं आहे, म्हणून हा विषय कसाबसा काठावर पास करून पुढे सरकणं महागात पडतं.

कॉम्प्युटेशनल थिंकिंग हा मात्र या अभ्यासक्रमातला सर्वांत विचारपूर्वक बांधलेला विषय. यात एकही प्रोग्रॅमिंग भाषा नाही. हातात कार्डांचा गठ्ठा असतो: विद्यार्थ्यांचे गुण, दुकानाची बिलं, एखाद्या परिच्छेदातले शब्द. वरचं कार्ड उचला, अट तपासा, मोजणी वाढवा, कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात टाका, पहिला गठ्ठा संपेपर्यंत हेच करा. ज्याने कधी कोड पाहिला नाही त्याला लूप, म्हणजे तीच कृती फेरीफेरीने करत राहणं, काय असतं हे इथे हातानेच कळतं. चुका होतात त्या ठरावीक जागी. मोजणीचं शून्य लूपच्या बाहेर ठेवायचं की आत, हे चुकलं की प्रत्येक फेरीत मोजणी पुसली जाते आणि शेवटी उत्तर एकाच्या पुढे जात नाही. दुसरी चूक एकात एक असलेल्या दोन लूपची. आतल्या लूपने दुसरा गठ्ठा रिकामा केला की बाहेरच्या पुढच्या फेरीत तो पुन्हा भरून घ्यावा लागतो, आणि नवशिके नेमकं तेच विसरतात. उपाय एकच, वहीत रकाने आखून प्रत्येक फेरीनंतरची प्रत्येक व्हेरिएबलची (बदलत्या आकड्याची) किंमत लिहायची. वेळ जातो, पण पुढे पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना तो वसूल होतो.

पायथनला ऑनलाइन प्रोक्टर्ड, म्हणजे दुरून देखरेख ठेवलेली, प्रोग्रॅमिंग परीक्षा असते. घरच्या लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून, ठरलेल्या वेळेत कोड लिहून चालवून दाखवायचा. आधी लॅपटॉपची सिस्टिम चाचणी होते, ती टाळू नये. कोकणात इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते पायथन न आल्यामुळे नव्हे. मेच्या शेवटापासून वीज कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या (राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच), आणि फायबरचा ओएनटी (बाहेरून आलेली फायबर जिथे जोडतात तो डबा) वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद अशी गत होते. मोबाइलचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा वेगळ्या कंपनीचा ठेवा. वळवाच्या गडगडाटात लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून ठेवणं हा नियमच करून टाका.

पक्का प्रवेश मिळाल्यावर वर्षात तीन टर्म असतात: जानेवारी, मे, सप्टेंबर. प्रत्येकीत बारा आठवड्यांचा अभ्यास, दोन क्विझ आणि एंड टर्म (टर्मअखेरची परीक्षा), आणि या परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. पहिल्या सात आठवड्यांतल्या चांगल्या पाच असाइनमेंटची सरासरी ४० नसेल तर एंड टर्मला बसता येत नाही. केंद्रांची यादी टर्मागणिक बघून घ्यावी. रत्नागिरीकरांना कोल्हापूर गाठायचं तर आंबा घाट, वैभववाडीकडच्यांना करूळ किंवा भुईबावडा, सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना गोवा जवळ. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतात आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. परीक्षा रविवारी असेल तर शनिवारी दुपारीच निघावं. मेच्या टर्मची एंड टर्म ऑगस्टअखेर येते, म्हणजे बऱ्याचदा गणपतीच्या तोंडावर. त्या दिवसांत रेल्वेचं आरक्षण मिळत नाही आणि घरातही अभ्यासाला कोपरा उरत नाही.

एका विषयाला आठवड्याला दहा तास लागतील असं संस्थाच सांगते, आणि तो आकडा खरा आहे. नोकरी करणाऱ्याने टर्मला दोनाहून जास्त विषय घेऊ नयेत. दर टर्मला दोन धरले तर फाउंडेशनचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचे, आठ विषय चार टर्ममध्ये, म्हणजे सव्वा-दीड वर्षात होतात. पुढे प्रोग्रॅमिंगचा डिप्लोमा: डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर्स, जावा, सिस्टिम कमांड्स आणि ॲप डेव्हलपमेंटचे दोन भाग, शिवाय दोन प्रोजेक्ट. करिअर बदलणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचं हेच. पहिल्या प्रोजेक्टमध्ये फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप बांधायचं साधन) आणि एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) वापरून चालणारं वेब ॲप उभं करावं लागतं, दुसऱ्यात व्ह्यू, रेडिस आणि ॲपची मागे चालणारी कामं उरकणारं सेलरी ही साधनं येतात. शेवटी तोंडी परीक्षा. कोड कुठून उचलला असेल तर त्यातली एक ओळ बदलायला सांगितली की लगेच उघडं पडतं. इथे सेलरीचं काम अडलं की विंडोजवाले रात्री घालवतात. पहिल्या दिवसापासून लिनक्स किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरलं तर हा त्रास टळतो. रॅम आठ जीबीच्या खाली नको.

पूर्ण बीएस १४२ क्रेडिटची (विषय पास होतील तसे क्रेडिट जमा होतात) आहे आणि मुदत जास्तीत जास्त आठ वर्षं. पण मध्ये बाहेर पडता येतं: डिप्लोमानंतर, किंवा ११४ क्रेडिटला बीएस्सी घेऊन. चाळिशीतल्या माणसाने डिप्लोमाचं लक्ष्य ठेवून नोकरीचे अर्ज सुरू करावेत आणि उरलेलं नंतर पुरं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बी.टेक.वाल्यांच्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये बसायला मिळेल या समजुतीने मात्र येऊ नये.

खर्च हा या अभ्यासक्रमाचा कमकुवत भाग. पूर्ण पदवी तीन लाखांच्या वर जाते. फी विषयागणिक भरायची असल्याने भार टर्मांमध्ये वाटला जातो आणि उत्पन्न व प्रवर्गानुसार सवलतही आहे, पण नापास झालेला विषय पुन्हा घ्यायचा तर पुन्हा पैसे. याउलट इग्नूची दोन वर्षांची एमसीए पन्नास हजारांच्या आसपास होते, पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट मिळतात आणि हातात येते ती पदव्युत्तर पदवी. सरकारी भरतीत किंवा अध्यापनात एमसीएच मागितली असेल तर इग्नूच घ्यावी. तिची उणीव अशी की आठवड्याची मुदत कोणी लावत नाही. असाइनमेंट सहामाहीच्या शेवटी एकगठ्ठा लिहून देता येतात, आणि कोड न लिहिताही बरेचसे पेपर सुटतात. स्वतःला शिस्त लावणारा तिथेही उत्तम शिकतो, बाकीच्यांना मद्रासचा धाक लागतो. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, पण नोकरीसोबत दोन्हींचा घाट घालू नये.

सुरुवात जानेवारीच्या टर्मला करावी. तिचा क्वालिफायर पाऊस ओसरल्यावर होतो, फेब्रुवारी-मार्चच्या क्विझला घाट कोरडे असतात आणि एंड टर्म सहसा एप्रिलमध्ये पडते. आंब्याच्या धंद्यातल्यांना नेमका तोच महिना जड, त्यांनी सप्टेंबरची टर्म धरावी आणि क्वालिफायर पावसाळ्यात द्यावा लागेल हे गृहीत धरून केंद्राच्या गावी आदल्या दिवशी मुक्कामाची सोय करून ठेवावी. मेच्या टर्मला एकच विषय घ्या, आणि तोही घरून द्यायची ऑनलाइन प्रोक्टर्ड परीक्षा नसलेला.