मारासीतला सामना: जेनोआ क्लब, त्याचं मैदान आणि तिकिटाची भानगड

इटलीत एकच फुटबॉल सामना पाहायचा असेल तर नागपूरहून जाणारे बहुतेक जण डोळे झाकून मिलानचं सान सिरो निवडतात. मोठं नाव, मोठं मैदान, फोटोही झकास. पण जुना इतिहास आणि मैदानालगतची बैठक एकाच तिकिटात हवी असेल, तर मिलानहून रेल्वेनं दीड-दोन तासांवर असलेलं जेनोवा गाठावं. तिथला जेनोआ हा इटलीतला आजही खेळत असलेला सर्वात जुना व्यावसायिक क्लब. करंडक जिंकणारा संघ पाहण्याची हौस असेल तर मात्र इकडे फिरकू नये.

७ सप्टेंबर १८९३ रोजी जेनोवातल्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासात काही इंग्रजांनी ‘जेनोआ क्रिकेट अँड ॲथलेटिक क्लब’ काढला. फुटबॉलचं तेव्हा फारसं कौतुक नव्हतं आणि इटालियनांना प्रवेशही नव्हता. जेम्स स्पेन्सली हा इंग्रज डॉक्टर आल्यावर फुटबॉलनं जोर धरला आणि १८९७ मध्ये स्थानिकांना दार उघडलं. १८९९ मध्ये नाव बदललं, तरी क्रिकेट हटलं नाही. क्लबचं अधिकृत नाव आजही ‘जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब’ आहे. नागपूरच्या जामठा क्रिकेट मैदानात कसोटी पाहून आलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पहिली इटालियन अजिंक्यपद स्पर्धा ८ मे १८९८ ला तुरिनमध्ये झाली. संघ चार आणि अख्खी स्पर्धा एका दिवसात आटोपली. अंतिम सामना जेनोआनं जादा वेळेत २-१ असा जिंकला. पुढे १९२४ पर्यंत एकूण नऊ अजिंक्यपदं झाली आणि गाडी तिथेच थांबली. दहा अजिंक्यपदांना जर्सीवर एक तारा लावायची इटलीत पद्धत आहे. तो दहावा किताब शंभर वर्षं उलटली तरी आलेला नाही. मधल्या काळात १९३७ चा इटालियन चषक आहे, आणि मार्च १९९२ मध्ये लिव्हरपूलला त्यांच्याच ॲनफिल्डवर २-१ नं हरवण्याचा पराक्रम आहे. असं करणारा हा पहिला इटालियन संघ. २००५ मध्ये सामना निश्चितीच्या प्रकरणात थेट तिसऱ्या श्रेणीत रवानगी झाली, तीही याच इतिहासाचा भाग.

मैदानाचं नाव लुईजी फेरारिस. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या जेनोआच्या खेळाडूवरून ते ठेवलंय, पण लोक वस्तीच्या नावावरून मारासीच म्हणतात. २२ जानेवारी १९११ ला ते सुरू झालं. १९९० च्या विश्वचषकासाठी वास्तुविशारद वित्तोरियो ग्रेगोत्ती यांनी ते जवळपास नव्यानं बांधलं. चार कोपऱ्यांत चार लाल चौकोनी बुरूज, प्रेक्षकक्षमता सुमारे ३३ हजार. मैदानाभोवती ॲथलेटिक्सची धावपट्टी नाही, त्यामुळे पहिल्या रांगेतून खेळाडूंचं बोलणं ऐकू येईल इतकं अंतर. रोम किंवा नेपल्सच्या मैदानात धावपट्टी मध्ये असल्यानं हे सुख मिळत नाही. जामठा शहराबाहेर आहे, मारासी मात्र दाट वस्तीत रुतलेलं. एका बाजूला तुरुंग, दुसरीकडे बिसान्यो नदीचं पात्र, समोर लोकांच्या गॅलऱ्या. साम्पदोरिया हा शहरातला दुसरा क्लबही इथेच खेळतो, म्हणून तिकीट काढताना सामना कोणाचा आहे हे दोनदा तपासा.

आता खरी अडचण. इटालियन लीगचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, पण त्यात फक्त कोणत्या आठवड्यात कोण कोणाशी खेळणार एवढंच कळतं. सामना शुक्रवारी की सोमवारी, दुपारी की रात्री, हे टीव्हीच्या सोयीनं नंतर टप्प्याटप्प्यानं ठरतं. पैसे परत न मिळणारं रेल्वे तिकीट आधीच काढलं की हमखास फसायला होतं. शुक्रवार ते सोमवार चारही दिवस जेनोवा-मिलान पट्ट्यात मोकळे ठेवा आणि वेळ पक्की झाल्यावरच पुढचं आरक्षण करा. शेंगेन व्हिसाची (इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) प्रौढांसाठी फी ९० युरो आणि प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसाच्या तारखाही सामन्याच्या दोन्ही बाजूंना थोडं मागेपुढे धरून मागा.

तिकीट नावाचं असतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची सवय असते, इथे पासपोर्टमधला क्रम मोडू नका. फाटकावर तिकीट आणि ओळखपत्र जुळवून पाहतात, त्यामुळे मित्राच्या नावावरचं तिकीट घेऊन आत जाता येईल हा विचार सोडा. धोक्याच्या समजल्या जाणाऱ्या सामन्यांना, विशेषतः शहरातल्या दोन क्लबांच्या ‘दिव्याच्या लढती’ला, विक्रीवर निर्बंध येतात. पहिल्या भेटीला गुणतक्त्यात मधल्या जागी असलेला प्रतिस्पर्धी निवडणं शहाणपणाचं.

बसायचं कुठे? उत्तरेकडची ग्रादिनाता नोर्द म्हणजे कट्टर समर्थकांची बाजू. तिथे तिकिटावरच्या खुर्चीच्या नंबराला अर्थ नाही, नव्वद मिनिटं उभं राहावं लागतं, आणि मोठे झेंडे फिरू लागले की निम्मा गोल दिसत नाही. मोबाइल उंचावून त्यांचंच चित्रीकरण करणं त्यांना खपत नाही. लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर लांबीच्या बाजूचं दिस्तिन्ती घ्या. तिथून खेळ नीट कळतो आणि नोर्दचा सगळा तमाशा तिरक्या कोनातून दिसतो. आमच्या मते पैशाच्या मानानं हाच सर्वात चांगला सौदा.

कपड्यांचं भान ठेवा. क्लबचा रंग लाल-निळा, बोधचिन्ह ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. साम्पदोरियाची जर्सी चालणार नाही हे उघड आहे, पण मिलानची लाल-काळीही बॅगेत ठेवा. २९ जानेवारी १९९५ ला मिलानविरुद्धच्या सामन्याआधी जेनोआच्या एका समर्थकाचा चाकूनं खून झाला होता. सामना मध्यंतरालाच थांबवला आणि पुढच्या रविवारी इटलीतल्या खेळांचे सामने बंद राहिले. ती कटुता अजून आहे.

मिलानहून येताना जेनोवाच्या ब्रिन्योले स्थानकावर उतरा. तिथून नदीच्या कडेनं वीस-पंचवीस मिनिटं चालत मैदान. दीड तास आधी पोचलेलं बरं, कारण झडती होते आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. पोटपूजा बाहेरच उरका. शाकाहाऱ्यांसाठी इथे चैन आहे: फोकाच्या हा तेलातला पाव आणि फारिनाता. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच घालून भट्टीत भाजलेली ही फारिनाता म्हणजे आपल्या धिरड्याची सख्खी बहीण. तिखट काही नसतं, सावजी जिभेला ती अळणी वाटेल. पेस्तो मात्र विचारून घ्या. त्यातल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं, काटेकोर शाकाहाऱ्यांना ते चालत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणार असाल तर हवामानाचा इशारा रोज बघा. २०११ आणि २०१४ मध्ये या शहरात पुरानं हाहाकार माजवला होता. लाल इशारा आला की सामनाही पुढे ढकलला जाऊ शकतो.

नागपुरात बसून आधी दोन-चार सामने पाहून घ्यायचे असतील तर तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले उन्हाळी वेळेत साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. पावणेनऊची लढत हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू होते. प्रत्यक्ष तिथे असताना हीच पावणेनऊची वेळ मिळाली, तर सामना संपायला पावणेअकरा होतात. तेव्हा मिलानला परतायच्या गाडीवर भरवसा ठेवू नका, मुक्काम ब्रिन्योलेच्या आसपासच करा.