टक्समॅथ: पाढ्यांसाठी उत्तम, पण आधी सेटिंग बदलून घ्या

तिसरी ते पाचवीच्या मुलांचे पाढे पक्के करायचे असतील तर टक्समॅथ हा संगणकावरचा खेळ आजही जरूर वापरावा. फक्त तो बसवल्या बसवल्या मुलांच्या हाती देऊ नये. मुळात जी सेटिंग येतात त्यांत चपळ मूल रमतं आणि कच्चं मूल पाच मिनिटांत कंटाळून उठतं. आपल्याला तर कच्च्या मुलासाठीच खेळ हवा असतो. सेटिंग बदलायला अर्धा तास पुरतो. मराठीत आणण्यासाठी आणि आजच्या यंत्रांवर नीट चालवण्यासाठी मात्र बरंच मोठं काम शिल्लक आहे. या परीक्षणात दोन्हींबद्दल लिहिलं आहे.

बिल केंड्रिक यांनी २००१ साली हा खेळ सुरू केला. मुलांचा टक्स पेंट हा चित्रकलेचा प्रोग्रामही त्यांचाच. पुढे टक्स फॉर किड्स या प्रकल्पाखाली अनेकांनी टक्समॅथमध्ये भर घातली. सध्या सर्वत्र मिळते ती २.०.३ ही आवृत्ती २०११ मधली आहे. खेळ मोफत आहे, मूळ कोड खुला आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि इंटरनेट लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षात जुनी यंत्रं असतात आणि नेट कधी असतं कधी नसतं, तिथे हे गुण फार मोलाचे आहेत.

खेळ असा: वरून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक उदाहरण असतं. खाली बर्फाची घरं आणि त्यांत पेंग्विन. उत्तर टाइप करून एंटर किंवा स्पेस दाबलं की टक्स हा खेळाचा नायक पेंग्विन लेझर सोडतो आणि धूमकेतू फुटतो. बरोबर उत्तर वेळेत आलं नाही तर धूमकेतू घरावर आदळतो. यातली मूळ कल्पना भक्कम आहे, कारण उदाहरण सोडवणं हीच खेळातली कृती आहे. बाजारातल्या बहुतेक गणिती खेळांत आधी उदाहरण सोडवायचं आणि मग बक्षीस म्हणून उड्या मारायला किंवा राक्षस मारायला मिळतं. तिथे मूल गणिताकडे अडथळा म्हणून बघू लागतं आणि कसंही करून ते ओलांडायला शिकतं. टक्समॅथमध्ये तो फाटा फुटत नाही.

आता वेग. मूळ सेटिंगमध्ये पहिल्या फेरीत दोन धूमकेतू येतात, पुढच्या प्रत्येक फेरीत दोन वाढतात आणि वेग दर फेरीला १.२ पट होतो. १.२ ही संख्या लहान वाटते, पण पाच वाढींनंतर वेग सुमारे अडीच पट आणि दहा वाढींनंतर सहा पटींहून जास्त होतो. ज्या मुलाला ७ × ८ आठवायला सहा-सात सेकंद लागतात, ते तिसऱ्या-चौथ्या फेरीत अंदाजाने आकडे मारू लागतं. तिथून पुढे सराव थांबतो आणि चुकीचं उत्तर पक्कं होण्याची भीती असते.

म्हणून पहिलं काम हे. मेनूत कस्टम गेम नावाचा पर्याय आहे. त्याची सेटिंग एका साध्या मजकूर फाइलमध्ये असतात. लिनक्सवर वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये टक्समॅथ नावाचा लपवलेला फोल्डर असतो, त्यातली ऑप्शन्स ही फाइल. खेळ पूर्ण बंद करून मगच ती उघडा, कारण खेळ स्वतःही या फाइलमध्ये लिहितो आणि तुमचे बदल पुसले जाऊ शकतात. सेटिंगची नावं रोमन लिपीत आहेत, दोन शब्दांमध्ये अधोरेषा असते. एकही अक्षर चुकलं तर ते सेटिंग लागू होत नाही, त्यामुळे नावं हाताने न लिहिता फाइलमधलीच ठेवून फक्त बरोबरच्या चिन्हापुढचा आकडा बदला.

पाढ्यांच्या सरावासाठी आमची शिफारस: ‘अलाउ स्पीडअप’ ०, ‘स्टार्टिंग कॉमेट्स’ १, ‘एक्स्ट्रा कॉमेट्स पर वेव्ह’ १, ‘मॅक्स कॉमेट्स’ ४. बेरीज, वजाबाकी, भागाकार ०; फक्त गुणाकार १. ‘प्ले थ्रू लिस्ट’ १, म्हणजे ठरलेली यादी संपली की खेळ जिंकला. ‘रिपीट राँग्ज’ १, म्हणजे सुटलेलं उदाहरण पुढे पुन्हा समोर येतं. हे शेवटचं सेटिंग या खेळाचा प्राण आहे, ते कधीही बंद करू नका.

गुण्य आणि गुणक यांची मर्यादा ठरवताना मोह आवरावा. १ ते १० × १ ते १० ठेवलं तर १०० उदाहरणं तयार होतात. त्यांतली १९ एकच्या गुणाकाराची. दहाच्या पाढ्याची धरली तर सोप्या उदाहरणांची संख्या ३६ होते. मूल ती सपासप फोडतं, गुण वाढतात आणि पाढे येतात असं सगळ्यांना वाटतं. मुलं खरी अडतात ती ६ ते ९ × ६ ते ९ या चौकोनात. तिथे १६ उदाहरणं आहेत आणि क्रम बदलून तीच येणारी वगळली तर फक्त १० उरतात: ३६, ४२, ४८, ५४, ४९, ५६, ६३, ६४, ७२, ८१. दोन्ही मर्यादा ६ ते ९ ठेवा, ‘क्वेश्चन कॉपीज’ २ करा. ३२ धूमकेतूंचा डाव होतो, एका बैठकीला पुरेसा. आठवडाभर रोज एक डाव झाला की मग मर्यादा २ ते १० करा. सुरुवातीला ‘उत्तर शेवटी’ हा एकच प्रकार चालू ठेवा, ६ ×? = ४२ हा मधल्या रिकाम्या जागेचा प्रकार नंतर, भागाकाराच्या आधी आठवडाभर. तो भागाकाराची फार चांगली तयारी करून घेतो.

भागाकाराबद्दल एक मर्यादा सांगायला हवी. खेळ भाजक आणि भागाकार निवडून त्यांच्या गुणाकारातून भाज्य बनवतो, त्यामुळे बाकी कधीच उरत नाही. बाकी उरणारा भागाकार इथे येणारच नाही, तो वहीवरच करून घ्यावा लागेल. उत्तराच्या फलकावर तीनच अंक मावतात, तेव्हा ९९९ च्या पुढचं उत्तरही नाही.

या खेळातला सर्वांत मोठा दोष मात्र सेटिंग बदलून जात नाही. मूल टाइप करतं ते उत्तर कोणत्या धूमकेतूसाठी होतं, हे खेळाला ठाऊक नसतं. पडद्यावर ७ × ८ आणि ६ × ७ आहेत आणि मुलाने ५४ मारलं, तर खेळ एवढंच म्हणतो की हे कुणाचंच उत्तर नाही. खरं तर ५४ ही फार बोलकी चूक आहे: मुलाला पन्नाशीतला आकडा आठवतोय, पण ६ × ९ आणि ७ × ८ यांची सरमिसळ होतेय. त्याऐवजी ४२ मारलं तर ६ × ७ फुटतो, मग मुलाच्या मनात ७ × ८ असला तरीही. खेळाच्या शेवटी सारांश फाइलमध्ये सुटलेली उदाहरणं मिळतात, चुकीची उत्तरं मिळत नाहीत. बेरीज-वजाबाकीत हे नुकसान आणखी मोठं आहे. ३८ + २७ ला ५५ म्हणजे हातचा विसरला. ४२ − १७ ला ३५ म्हणजे मूल प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा करतंय. दोन्हींवर उपाय वेगळा, आणि उत्तर नोंदवलंच नाही तर शिक्षकाला काहीच कळत नाही.

ज्यांना कोड हाताळता येतो त्यांनी पहिली दुरुस्ती हीच करावी. सगळ्यांत खाली आलेला धूमकेतू ठळक रंगात दाखवायचा, उत्तर त्याचंच धरायचं, आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी एका ओळीत लिहायच्या: उदाहरण, मुलाचं उत्तर, लागलेला वेळ, पातळी. हवा तो धूमकेतू निवडायची मोकळीक जाईल, म्हणून हा वेगळा सराव प्रकार ठेवावा, मूळ खेळ तसाच राहू द्यावा. आणखी एक काळजी: नव्या आवृत्तीत उदाहरणांचे ओळखक्रमांक बदलू नका आणि गुणांचं मोजमापही बदलू नका. जूनमधले गुण आणि डिसेंबरमधले गुण वेगवेगळ्या मापाने मोजले गेले तर मुलाची प्रगती सांगताच येत नाही.

फॅक्टरॉइड्स हा दुसरा खेळ याच पॅकेजमध्ये आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. अवकाशात संख्या लिहिलेले दगड तरंगतात. तुम्ही मूळ संख्या निवडून गोळी मारायची. ती अवयव असेल तर दगड फुटून त्याचे भाग होतात. ४२ वर ७ मारलं की ६ उरतो, त्यावर ३ मारलं की २. अवयव पाडणं म्हणजे काय, हे इतकं स्वच्छ दाखवणारे खेळ थोडेच आहेत. पाचवी-सहावीला मूळ संख्या शिकवताना आवर्जून वापरा. आमच्या मते धूमकेतूंपेक्षा हा खेळ सरस आहे.

आता मराठीचा प्रश्न. भाषांतराचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये असतो, तो लिहिणं सोपं. अडचण अक्षरं दाखवण्यात येते. खेळ एसडीएल १.२ या जुन्या लायब्ररीवर, म्हणजे चित्र-आवाज हाताळणाऱ्या तयार कोडच्या संचावर, उभा आहे. एसडीएल पँगो ही अक्षरांची मांडणी करणारी लायब्ररी जोडून खेळाची बांधणी केली असेल तर देवनागरी नीट दिसते. ती नसेल आणि नुसत्या जुन्या फॉन्ट लायब्ररीवर काम चाललं असेल, तर ‘गणित’ मधली पहिली वेलांटी णच्या नंतर जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. म्हणून भाषांतराला बसण्यापूर्वी ‘विद्यार्थी’, ‘प्रश्न’, ‘शक्ती’ असे चार शब्द पडद्यावर आणून बघा.

अंकांचं वेगळं. उत्तर-फलकावरचे अंक चित्रपट्टीतून कापून घेतलेले आहेत, फॉन्ट बदलून ते देवनागरी होत नाहीत. नवी पट्टी काढावी लागते, आणि ती समान रुंदीच्या भागांत कापली जाते. एक अंक जरा रुंद झाला की पुढचे सगळे अर्धवट दिसतात. मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना देवनागरी अंकच ओळखीचे असतात, तेव्हा ही मेहनत वाया जाणार नाही. कीबोर्ड मात्र इंग्रजी मांडणीवरच ठेवा. इनस्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी चालू राहिली तर अंकांच्या कळांतून देवनागरी अंक येतात आणि ते खेळाला उत्तर म्हणून समजत नाहीत. उजवीकडे अंकांचा स्वतंत्र गट असलेला कीबोर्ड असेल तर उत्तम.

कुणी आवाजाची जोड देणार असेल तर संख्यांची नावं आधी ठरवून घ्यावीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावर मोठी चर्चा झाली. खेळात दोन्हींची ध्वनिमुद्रणं ठेवून शिक्षकाला निवडू द्यावं. दहाच्या पुढच्या संख्यांचे तुकडे जोडून आवाज बनवण्याचा मार्ग ‘वीस एक’ साठी चालतो, ‘एकोणतीस’, ‘त्रेसष्ट’, ‘अठ्ठ्याहत्तर’ साठी अजिबात चालत नाही. तिथे शून्य ते नव्व्याण्णव सगळं स्वतंत्र मुद्रित करावं लागतं.

जुना कोड सांभाळावा की नव्याने लिहावं? एसडीएल १.२ चा विकास थांबलेला आहे, २०१३ मध्ये तिची दुसरी पिढी आली. जुना कोड नव्या लायब्ररीवर चालवणारा सुसंगती थर घालून खेळ आजच्या लिनक्सवर चालतो, पण मोठ्या पडद्यावर चित्रं धूसर दिसतात. पूर्ण पडद्याची अडचण आली तर एफ १० दाबून खिडकीत चालवा. टॅबलेटचा विचार मूळ रचनेत नाही. टॅबलेटसाठी खेळ हवा असेल तर नव्याने लिहिणंच स्वस्त पडेल. खेळ बनवण्याचं गोडो हे इंजिन घेणार असाल तर चौथी पिढीच घ्या, कारण जोडाक्षरांची नीट मांडणी त्यातच आली. तिसरीत देवनागरी तुटते. टक्समॅथकडून एक गोष्ट जशीच्या तशी उचलावी: उदाहरणांची यादी बनवणारा भाग चित्र आणि आवाजाच्या भागापासून संपूर्ण वेगळा आहे. त्यामुळे पडदा न उघडताही सगळी यादी तपासता येते. भाजक शून्य आहे का, दुसरीच्या पातळीत ऋण उत्तर येतंय का, तेच उदाहरण लागोपाठ आलंय का, हे प्रत्येक नव्या आवृत्तीआधी यंत्राकडूनच तपासून घ्या.

मूल सहा-सात वर्षांहून लहान असेल तर टक्समॅथऐवजी जीकॉम्प्री घ्या. ब्रुनो कुदुआँ यांनी २००० साली सुरू केलेला हा खेळांचा संच २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे, केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाच्या छत्राखाली आजही वाढतो आहे आणि अँड्रॉइडवरही चालतो. २०१४ मध्ये त्याचं क्यूट क्विक या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनावर संपूर्ण पुनर्लेखन सुरू झालं. मोजणी, तराजू, सुटे पैसे, मूठभर वस्तूंची बेरीज असं सगळं त्यात आहे आणि घाई कमी आहे. तिथे प्रत्येक खेळाचा फोल्डर वेगळा आणि बऱ्याच खेळांत पातळ्यांची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते, त्यामुळे नवं काम शिकणाऱ्यालाही एखादी पातळी जोडता येते. पाढ्यांच्या झपाट्याच्या सरावाला मात्र टक्समॅथच पुढे.

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींच्या साठ्यातून टक्समॅथ थेट बसवता येतो. एकाच कक्षात अनेक यंत्रं असतील तर एका यंत्रावर ऑप्शन्स फाइल नीट करून, खेळून बघून, मग ती बाकीच्यांवर नकला. तिसरी, चौथी आणि पाचवीसाठी तीन वापरकर्ते वेगळे काढले तर प्रत्येकाची फाइल आणि सारांश वेगळे राहतात. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवायला विसरू नका.